रेशन चॅलेंजचं खोकं: तांदूळ भरपूर, मीठ शून्य

रेशन चॅलेंज हा उपक्रम ऑस्ट्रेलियातल्या 'ॲक्ट फॉर पीस' या संस्थेचा. पुढे तो ब्रिटनमध्येही पोहोचला. जॉर्डनमधल्या सीरियन निर्वासिताच्या शिध्यावर सात दिवस काढायचे आणि ओळखीपाळखीच्यांनी त्यासाठी देणगी द्यायची, असा मामला. मुहूर्त सहसा जूनचा, 20 तारखेच्या जागतिक निर्वासित दिनाच्या आगेमागे. मेलबर्न-लंडनकडच्या मराठी मुलामुलींनी नाव नोंदवण्याआधी खोक्यात काय असतं ते नीट बघून घ्यावं.

तांदूळ 420 ग्रॅम, मसूर 170, काबुली चणे 85, राजम्याचा 400 ग्रॅमचा आणि तारलीचा 125 ग्रॅमचा डबा (शाकाहाऱ्यांना तारलीऐवजी टोफू), तेल 300 मिलीच्या आसपास. सोबत कुपनं, त्यांच्या हिशोबाने आणखी दीड किलो तांदूळ आणि 400 ग्रॅम मैदा आपला आपण आणायचा. संपलं. मीठ, हळद, कांदा, साखर, चहा यांतलं काही नाही. देणगीचे टप्पे गाठाल तसा एखादा मसाला, दूध, थोडी भाजी पदरात पडते. सगळ्या रचनेत डोकं लावलंय ते इथे.

डाळ-भातावर वाढलेल्यांना यादी सोपी वाटते आणि तिथेच फसगत होते. फोडणीला तेल आहे, पण मोहरी-जिरं नाही. दिवसाला तांदूळ येतो पावणेतीनशे ग्रॅम, मसूर मात्र 24 ग्रॅम. एकट्याच्या आमटीला 40 ग्रॅम डाळ सहज लागते, म्हणजे चौथ्या दिवशी मसूर खलास. सगळं मिळून दिवसाला साधारण 1700-1750 कॅलरी पडतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त नुसत्या भाताच्या. मदतसंस्था आखणी करताना माणशी 2100 धरतात. तरी खरा त्रास भुकेपेक्षा अळणी, एकसुरी खाण्याचा होतो. चहाबाजांचं डोकं दुसऱ्या दिवशी ठणकतं ते चहा तुटल्यामुळे. तो उपासमारीचा अनुभव म्हणून खपवू नये. पालेभाजी-फळं नसल्याने पोटही साफ होत नाही, तेव्हा पाणी भरपूर प्या.

पहिल्याच दिवशी सगळं वजन करून सात पुड्या बांधा. चणे आदल्या रात्री भिजवा. 85 ग्रॅमची फुगून एकाच वेळची उसळ होते, त्यामुळे हमसचे बेत सोडा. राजम्याच्या डब्यातलं पाणी ओतून देऊ नका. बहुतेक डब्यांत ते खारट असतं आणि बिनमिठाच्या वरणात दोन चमचे घातलं तरी जीव येतो. तारलीच्या डब्यातल्या तेलाचंही तेच. मैद्याच्या दहा-बारा पोळ्या होतात. कोमट पाण्यात चमचाभर तेल घालून मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा, नाहीतर गार झाल्यावर चामड्यासारख्या ओढाव्या लागतात. सकाळी भाताची पेज. कंटाळा आला की तांदूळ चार-पाच तास भिजवून वाटा आणि घावन घाला, मिक्सर असला तर.

आणि खोक्याची मर्यादा नेमकी या मिक्सरपाशी आहे. फोडलेला राजमा तुम्ही फ्रीजमध्ये ठेवता, गॅस संपायची धास्ती नसते, आठव्या दिवशी मिसळ ठरलेली असते. शिवाय जॉर्डनमधली मदत अशी खोक्यात बांधून येते असा समज होतो, तो चुकीचा. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम तिथे बरीच वर्षं पैशाच्या रूपात मदत देत आलाय. झातारी या तिथल्या निर्वासित छावणीतल्या दुकानात 2016 पासून डोळ्याची बुबुळं स्कॅन करून बिल भागवता येऊ लागलं. निधी आटला तेव्हा, 2023 मध्ये, छावणीतल्यांना माणशी महिना 23 दिनारांचे 15 झाले. आठ दिनार कमी झाल्यावर घर काय बंद करतं, मांस की दूध की औषध, हे खोकं सांगत नाही.

म्हणून गटाने करणार असाल तर रिकाम्या ताटाचे फोटो आणि 'दिवस तिसरा, हाल चाललेत' छापाच्या पोस्ट टाळा. त्यात निर्वासित कुठेच नसतो. त्यापेक्षा सात पुड्या मांडून एकच फोटो टाका, खाली ग्रॅम लिहा, 23 आणि 15 हे आकडे लिहा, देणगीची लिंक द्या. पैसे त्यानेच जमतात.

मधुमेही, गरोदर, खाण्याचे विकार असलेले किंवा औषधं चालू असलेले यांनी सात दिवसांच्या भानगडीत पडू नये. त्यांनी हिशोब, स्वयंपाक आणि पोस्टची बाजू सांभाळावी. गटाला तशी माणसं लागतातच.