जुनी ऑडी टीटी की निसान ३७०झेड: सातारा-सांगलीत पोसायला कोणती सोपी?

दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कूपे घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पर्याय मोजकेच उरतात. त्यातल्या त्यात दिसते ती दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी, म्हणजे २००६ ते २०१४ या काळात बनलेली, ८जे या कोडची. निसान ३७०झेड भारतात २०१० मध्ये आली. ती विक्रीला क्वचित निघते, पण निघाली की किंमत ऐकून मन डळमळतं.

जास्त वेगवान कोणती, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ३७०झेडला ३.७ लिटरचं व्ही६ इंजिन, सव्वातीनशेच्या वर अश्वशक्ती आणि ताकद मागच्या चाकांना. टीटीचं २.० टर्बो इंजिन २०० किंवा २११ अश्वशक्तीचं. (टीटीत ३.२ व्ही६ही होतं. ते या तुलनेत धरलेलं नाही.) सातारा, कराड किंवा सांगलीत राहणाऱ्याने प्रश्न वेगळा विचारायला हवा: गाडी बिघडली तर ती उघडणारा माणूस आणि लागणारा पार्ट किती लांब आहे?

पत्र्याखाली कोण आहे

टीटी दिसायला कितीही वेगळी असली तरी तिचा पाया स्कोडा लॉरा आणि त्या काळच्या फोक्सवॅगन जेट्टाच्या घराण्यातला. २११ अश्वशक्तीचं ईए८८८ इंजिन हे लॉरा आणि सुपर्बमधल्या १.८ टीएसआयचं थोरलं भावंड. सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स डिझेल लॉरा आणि पासॅटमध्येही होता. त्यामुळे कोल्हापूर-पुण्यात या गाड्या उघडून बसलेले स्वतंत्र मेकॅनिक मिळतात, आणि साताऱ्यातल्या एखाद्या गॅरेजकडेही व्हीसीडीएस (फोक्सवॅगन घराण्यातल्या गाड्यांचे बिघाड वाचणारा) स्कॅनर सापडतो. सेन्सर, कॉइल, वॉटर पंप, गिअरबॉक्सचा फिल्टर असे कितीतरी पार्ट या घराण्यात वाटलेले आहेत. फक्त चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढूनच मागवा. 'लॉराचा बसतो' या तोंडी भरवशावर नको.

३७०झेडला आपल्या रस्त्यावर असं भावंडच नाही. तेच इंजिन परदेशात इन्फिनिटीच्या गाड्यांत होतं, पण इन्फिनिटी इथे कधी विकली गेली नाही. म्हणजे ऑइल फिल्टर आणि ब्रेक पॅडच्या पुढचं जवळपास सगळं मागवून घ्यायचं. त्यात एक खाचखळगा: इंटरनेटवर सर्वांत जास्त माल अमेरिकेचा दिसतो, आणि तो डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा असतो. इंजिनचे आतले पार्ट चालतात. स्टिअरिंग रॅक, डॅशबोर्ड, वायपर लिंकेज, हेडलाइट चालत नाहीत. ते जपान, इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियातूनच आणावे लागतात. जपानमध्ये हीच गाडी 'फेअरलेडी झेड' नावाने विकली गेली, तेव्हा शोधताना ते नाव टाका.

बॉडीच्या बाबतीत मात्र पारडं उलटं फिरतं. टीटीच्या सांगाड्यात सुमारे ६९ टक्के ॲल्युमिनियम आणि मागच्या बाजूला पोलाद आहे. साध्या डेंटिंगवाल्याने ॲल्युमिनियमवर पोलादाची तीच पॉलिश डिस्क फिरवली की लोखंडाचे कण रुततात आणि रंगाखाली फुगवटे येतात. वेल्डिंगही वेगळं. मोठा अपघात झालेली टीटी स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या. ३७०झेडमध्येही बॉनेट आणि दारं ॲल्युमिनियमची आहेत, पण मूळ सांगाडा पोलादी, इथल्या कारागिराला परिचित.

इंजिन: काय बिघडतं आणि का

टीटीचं इंजिन कोणतं आहे हे आधी पाहा, कारण दोघांचे आजार निरनिराळे.

२०० अश्वशक्तीचं जुनं ईए११३ टायमिंग पट्ट्यावर चालतं. त्याचा हाय-प्रेशर फ्युएल पंप कॅमशाफ्टवरून फिरतो आणि मध्ये वाटीसारखा छोटा कॅम फॉलोअर असतो. त्यावरचा काळा थर झिजला की कॅम थेट धातू खातो. दुर्लक्ष झालं तर फॉलोअरला भोक पडतं आणि पंपासह कॅमशाफ्टही जातो. पंपाचे तीन बोल्ट काढून फॉलोअर पाहायला तासभर पुरतो. दर १५ ते २० हजार किलोमीटरला हे करा. थर चमकू लागला की बदला. पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदलायचे. किलोमीटर कमी असले तरी रबराला वय असतं, म्हणून बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा.

ईए८८८ला पट्ट्याऐवजी चेन आहे. सुरुवातीच्या चेन टेन्शनरमध्ये दोष होता. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइलचा दाब उतरतो, टेन्शनर मागे सरकतो, सुरू करताना चेन दात चुकवते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखडाट आला तर सौदा तिथेच थांबवा. चेनच्या खालच्या कव्हरवरचं रबरी बूच काढून टेन्शनर सुधारित आहे का आणि त्याचे किती दात बाहेर आलेत, हे जाणकार पाहू शकतो. दुसरा आजार ऑइल पिण्याचा. ऑइल रिंगची भोकं बारीक असल्याने ती कार्बनने बुजतात. १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरहून जास्त ऑइल जात असेल तर पिस्टन-रिंगचं काम डोक्यावर आहे, आणि ते गाडीच्या किमतीचा मोठा घास घेतं.

टीटीच्या या दोन्ही इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. ६० ते ८० हजार किलोमीटरला त्यावर काजळीची पुटं चढतात. थंड इंजिन अडखळतं, अ‍ॅव्हरेज घसरतं. टाकीत ओतायच्या बाटलीने ही काजळी निघत नाही, मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने साफ करावी लागते.

३७०झेडचं व्हीक्यू३७ इंजिन मुळात दणकट. नैसर्गिक हवेवर चालतं, टर्बो नाही, काजळीची भानगड नाही. पण त्याचं एक दुखणं खोल आहे. चेन कव्हरच्या मागे ऑइल गॅलरीचे (इंजिनात ऑइल फिरवणाऱ्या वाटांचे) कागदी गॅस्केट असतात. ते फुटले की ऑइलचा दाब हळूहळू उतरतो. गाडीत ऑइलच्या तापमानाचा काटा आहे, दाबाचा नाही, त्यामुळे कळतं उशिरा. घेण्याआधी साधा मेकॅनिकल गेज लावून मोजा: इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला १ बारपेक्षा आणि २,००० आरपीएमला ३ बारपेक्षा कमी दाब असेल तर गॅस्केट गेले असं समजा. नवे धातूचे गॅस्केट स्वस्त आहेत, खर्च पुढचं सगळं कव्हर उतरवण्याचा. ते उघडलंच तर चेनचे टेन्शनर आणि गाइडही बदलून घ्या.

क्लच आणि गिअरबॉक्स

'डीएसजी' म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात. ती भीती बहुतेक सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीने निर्माण केलेली. टीटीतला सहा गिअरचा ओल्या क्लचचा आहे आणि वेळेवर ऑइल बदललं तर टिकतो. दर ६० हजार किलोमीटरला साधारण सव्वापाच लिटर ऑइल आणि फिल्टर. पातळी इंजिन चालू ठेवून, गिअरबॉक्सचं ऑइल ३५ ते ४५ अंशांवर असतानाच तपासायची; थंड गाडीवर अंदाजाने भरणारा माणूस गिअरबॉक्स मारतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्का किंवा मीटरवर गिअरची अक्षरं लुकलुकणं म्हणजे मेकॅट्रॉनिककडे, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या कंट्रोल युनिटकडे बोट. क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी टीटी असेल तर मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या हॅल्डेक्स कपलिंगचं ऑइलही त्याच हिशोबात. हे काम बहुतेक जुन्या मालकांनी केलेलंच नसतं.

३७०झेडच्या मॅन्युअलमध्ये क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा) गिअरबॉक्सच्या पोटात बसवलेला आहे. प्लॅस्टिकचं अंग, क्लचची उष्णता, त्यामुळे सील जातं आणि एक दिवस पेडल फरशीला चिकटतं. पसरणी घाटात वाहनांच्या रांगेत अर्ध्या क्लचवर गाडी चढवणं हे त्याला नेमकं नकोसं. बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून त्याच वेळी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि सुधारित धातूचा स्लेव्ह सिलिंडर एकदमच टाका. मागवून पोचेपर्यंत गाडी गॅरेजमध्ये उभी, हे गृहीत धरा.

आपले रस्ते

दोन्ही गाड्या बुटक्या. टीटीचा व्हीलबेस २,४६८ मिलिमीटर, ३७०झेडचा २,५५०. मधलं पोट घासण्याचा धोका दोन्हीत आहे, पण टीटीचं नाक चाकांच्या पुढे जास्त आलेलं असल्याने बंपरचा ओठ आधी लागतो. गावोगावचे बिनरंगाचे स्पीडब्रेकर तिरके घ्यायचे. व्हील अलाइनमेंटच्या रॅम्पवर चढवतानाही पुढे दोन फळ्या लागतात, त्या डिकीत ठेवा.

ऊस हंगामात कराडपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात रस्त्यावर मळीचा चिखल, सांडलेला ऊस आणि रात्री विनादिव्याच्या ट्रॉल्या असतात. इथे १९ इंची चाकं हा निव्वळ भुर्दंड. टीटीला २४५/४५ आर१७ टायर घाला, जाडी मिळते. ३७०झेडच्या १८ इंची गाडीला पुढे २२५/५० आणि मागे २४५/४५. १९ इंचीला २४५/४० आणि २७५/३५. पुढचे-मागचे वेगळे असल्याने अदलाबदल करून झीज वाटून घेता येत नाही, आणि मागची जोडी लवकर संपते.

पावसाळ्यात मेढ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला जायचं असेल तर क्वाट्रो टीटी निवांत जाते. ३७०झेडला झिजलेल्या रुंद मागच्या टायरवर साचलेलं पाणी अजिबात मानवत नाही. आणखी एक गोष्ट: क्वाट्रो टीटी दोन चाकं उचलून ओढायची नसते. नेहमीचा हुकवाला आला तर परत पाठवा, फ्लॅटबेडच मागवा.

कागद

दोन्ही गाड्या आयात झालेल्या. टीटी हंगेरीत बनायची, चेसिस नंबर 'टीआरयू'ने सुरू होतो, ३७०झेडचा 'जेएन१'ने. १५ वर्षांनंतर रिपासिंगला देशी मोटारीचं शुल्क ५,००० रुपये, पण आयात मोटारीचं ४०,०००, त्यावर पर्यावरण कर वेगळा. २०१०-११च्या गाड्या आता याच उंबरठ्यावर आहेत किंवा तो ओलांडून गेल्यात, त्यामुळे हा आकडा भाव करतानाच वजा करा. दिल्लीची स्वस्त गाडी आणली तर एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि एमएच-१० किंवा एमएच-११ची नवी नोंदणी असा सगळा फेरा आहे. गाडी सांगलीकडची असेल तर २०१९ आणि २०२१च्या महापुराची शंका घ्या: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ पाहा, सीटच्या पट्ट्यांचा गंज आणि डिकीच्या तळाचं वायरिंग बघा.

पैसे घालायचे तर कुठे

खरेदीच्या किमतीच्या किमान चौथा हिस्सा बाजूला ठेवा. त्यातून आधी सगळी ऑइलं, ब्रेक ऑइल, टायर, बुश, बॅटरी. ताकद त्यानंतर.

टीटीत कमी खर्चात जास्त हाती लागतं. ईए८८८ला नुसत्या रीमॅपने (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून) २११ची अडीचशेच्या आसपास ताकद होते, टॉर्क ४०० न्यूटन-मीटरकडे जातो. मात्र डीएसजी कागदोपत्री ३५० न्यूटन-मीटरचा आहे, तेव्हा त्याचं सॉफ्टवेअरही सोबत बदला. त्याआधी नवे प्लग, धडधाकट कॉइल, न फाटलेला डायव्हर्टर व्हॉल्व्ह (टर्बोचा जादा दाब सोडणारा) आणि ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलची सवय हवी. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं इथे मूर्खपणा; वळणात नाक बाहेर पळतं ते मागचा जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं रोखणारी दांडी) सुधारतो. मॅग्नेटिक राइडचे (विजेवर कडकपणा बदलणारे) शॉक गळत असतील तर साधे शॉक चालतात, पण कंट्रोल युनिटचं कोडिंग करून घ्या, नाहीतर दिवा विझत नाही.

३७०झेडला इनटेक, एक्झॉस्ट आणि ट्यून सगळं केलं तरी वीस-तीस अश्वशक्ती वाढते. तो पैसा थर्मोस्टॅटवाल्या ऑइल कूलरवर आणि क्लचवर घाला. जोरात चालवल्यावर ऑइल १४० अंशांकडे गेलं की इंजिन स्वतःच ताकद कापतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी पीयूसीत अडकते, आणि आवाजी सायलेन्सर पोलिसांच्या नजरेत बसतो. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल दोन्हींसाठी ठरवलेलं नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत ते मुरवत ठेवू नका आणि जुने रबरी पाइप वर्षातून एकदा पाहा.

मग कोणती?

एकच हौसेची गाडी, अधूनमधून मुलांना मागे बसवायचंय, पुण्याला नियमित जाणं-येणं: टीटी, आणि त्यातही क्वाट्रो ईए८८८, टेन्शनर बदलल्याचं बिल आणि ऑइलच्या खपाची चाचणी दोन्ही हातात असतील तरच. असं बिल नसलेल्या ईए८८८पेक्षा नवा पट्टा आणि नवा फॉलोअर घातलेली जुनी २०० अश्वशक्तीची गाडी बरी.

३७०झेड त्याच्यासाठी, ज्याच्या दारात रोजची दुसरी गाडी उभी आहे आणि पार्टसाठी महिनाभर थांबायची तयारी आहे. स्टिअरिंगची आणि मॅन्युअल गिअरची जी मजा तिच्यात आहे ती टीटीत नाही, हे मान्यच करावं लागेल. सात गिअरची ऑटोमॅटिक समोर आली तर नाक मुरडू नका: ती मजा थोडी उणी होते, पण स्लेव्ह सिलिंडरचं दुखणं मुळातच नसतं. ऑइलचा दाब मात्र तिचाही मोजून घ्या.