मॅक मिनी जी-४ वर नेटबीएसडी : आठ महिने वापरून झाल्यावर

नेटबीएसडी ही लिनक्ससारखी एक ऑपरेटिंग सिस्टीम, ती मी जुन्या मॅकवर बसवली. ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगतो. बँक, यूट्यूब, वीजबिल यांसाठी संगणक हवा असेल तर या वाटेला जाऊ नका. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, गोष्ट लांबणार आहे.

यंत्र म्हणजे ॲपलची मॅक मिनी, पॉवरपीसी जी-४ प्रोसेसरची, १.२५ गिगाहर्ट्झ. मुंबईला जाहिरातीच्या धंद्यात असलेल्या माझ्या मावसभावाने हौसेने घेतलेली. ही मिनी जानेवारी २००५ मध्ये बाजारात आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने जाहीर केले की आता पॉवरपीसी सोडून इंटेलकडे जाणार. बारशाच्या घुगऱ्या संपल्या नव्हत्या तोच पोर अनाथ. २००७ चा लेपर्ड हा तिच्यावर चालणारा शेवटचा मॅक ओएस. त्यातला ब्राउझर आजच्या बहुतेक साईट उघडतच नाही, कारण सुरक्षित जोडणीची नवी भाषा त्याला येत नाही. मावसभावाने घर बदलले तेव्हा "तुला नाटकाचे टाईप करायला होईल" म्हणून ती डिचोलीला माझ्याकडे आली आणि चार पावसाळे माळ्यावर पडून राहिली.

नाटकाचे म्हणजे काय ते सांगायला हवे. आमच्या देवळात जत्रेला दरवर्षी नाटक होते. संहिता टाईप करणे, पात्रांना आपापले संवाद वेगळे काढून देणे, प्रॉम्प्टरसाठी मोठ्या अक्षरांत एक प्रत छापणे ही कामे पंधरा-वीस वर्षे माझ्याच गळ्यात आहेत. याला ब्राउझर लागत नाही. लागते ती नीट उठणारी देवनागरी, छापणारा प्रिंटर आणि अधूनमधून "अपडेट होत आहे, थांबा" असे न म्हणणारे यंत्र.

लिनक्स का नाही, हे भाच्यानेही विचारले होते. (तो फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. यातले जे काम माझ्या डोक्याबाहेरचे होते ते त्याने केले.) डेबियन या लिनक्सने ३२ बिटी पॉवरपीसीला २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून अधिकृत यादीतून काढले. स्वयंसेवकांनी ते पोर्ट (त्या जातीच्या यंत्रासाठीची आवृत्ती) अजून जिवंत ठेवले आहे, पण ते रोज बदलणाऱ्या अनस्टेबल शाखेवर चालते. मला एकदा बसवून विसरून जायचे होते. नेटबीएसडी १९९३ पासून चालू आहे आणि वाटेल त्या यंत्रावर चालवणे हाच तिचा धर्म. २००५ मध्ये एका कंपनीने ती चक्क टोस्टरवर चालवून दाखवली होती. मी १०.१ बसवली, डिसेंबर २०२४ ची. त्यांच्याकडे पोर्टांच्या पायऱ्या आहेत. आमचे, म्हणजे पॉवरपीसी मॅकचे, मॅकपीपीसी दुसऱ्या पायरीवर, आणि त्या पायरीचे नाव 'ऑर्गेनिक'. गोव्यात ऑर्गेनिक म्हटले की दुप्पट भाव. इथे अर्थ एवढाच, की कुणी आपणहून खत-पाणी घातले तर वाढेल.

मिनी उघडायला स्क्रू नसतात. रंगारी भिंतीला पुट्टी मारतात ती पातळ पत्री घ्यायची, तळाच्या फटीत सरकवायची आणि बाहेरच्या बाजूला दाबायची. आतले प्लॅस्टिकचे आकडे 'कट्' करून सुटतात. पहिल्या कट्‌ला मला वाटले, मोडली. मेमरीची जागा एकच, एक जीबीपर्यंत. ते कार्ड म्हापशाला जुने संगणक मोडून विकणाऱ्याकडे मिळाले. आधीच्या दुकानदाराने कार्डाकडे न बघताच "ना रे बाबा, हें आतां मेळना" म्हणून सांगितले होते. चाळीस जीबीची हार्डडिस्क दळणाच्या गिरणीसारखी वाजत होती. तिच्या जागी जुन्या आयडीई जोडणीत बसणारा अडॅप्टर आणि त्यावर छोटी एसएसडी घातली. संपूर्ण खटाटोपात पैसे वसूल झाले ते इथेच.

मग ओपन फर्मवेअर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी जागा होणारा मॅकमधला प्रोग्राम. चालू करताना विंडोज, आल्ट, ओ आणि एफ ही चार बटणे एकदम धरायची, पेटीवर स्वर धरतात तशी. मॅकचा कीबोर्ड नसला तरी साधा चालतो. पांढऱ्या पडद्यावर शून्य आणि बाणाचे टोक येते. ते टोक म्हणजे फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेचा जिवंत दुभाषी. २ ३ + आणि टिंब असे टाईप केले की ५ असे उत्तर देऊन वर 'ओके' म्हणतो. डिस्क, सीडी, नेटवर्क यांपैकी कुठून उठायचे ते त्यालाच सांगावे लागते. सीडी ड्राइव्हने माझ्या पहिल्या दोन सीड्या चाखून थुंकून टाकल्या. तिसरी, कोरी सीडी-आर घेऊन सर्वांत कमी वेगाने लिहिलेली, तिला पटली. बसवायला पाऊण तास लागला आणि त्यात सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखे आहे ते नंतरचे. नेटवर्कची तार लावली आणि इंटरनेट सरळ चालू झाले. मी बूट होतानाच्या ओळी वाचत होतो, तर कार्डाचे नाव 'जेम'. हा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) मुळात सन कंपनीच्या नेटवर्क चिपसाठी आहे. ॲपलने आपल्या चिपमध्ये तेच आराखडे वापरले, म्हणून सनच्या यंत्रांचा ड्रायव्हर माझ्या डब्यातही चालतो. नेटबीएसडीत ड्रायव्हर थेट हार्डवेअरशी बोलत नाही, मध्ये बसची (चिपांना जोडणाऱ्या वाटेची) एक पातळी असते. चिपचा अमुक पत्ता वाच, तमुक लिही, एवढेच ड्रायव्हर सांगतो. आकड्याचे तुकडे, म्हणजे बाइट, उलट क्रमाने घ्यायचे की सुलट, हे त्या पातळीने बघायचे. पोर्ट करणाऱ्याला नवे यंत्र म्हणजे ती खालची पातळी नव्याने लिहिणे. वरचे शेकडो ड्रायव्हर जसेच्या तसे येतात.

हे बाइट उलटसुलट प्रकरण मला चांगलेच भोवले. आकडा साठवताना पॉवरपीसी मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवते, इंटेल लहान किमतीचा आधी. मराठी माणसाला हे समजावायला फळा नको. आपण २५ लिहितो तेव्हा वीस आधी, 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी. म्हणजे हात पॉवरपीसी, तोंड इंटेल. 'एकशे पंचवीस'मध्ये तर शंभर आधी, मग पाच, मग वीस. असलाच मिश्र घोळ पीडीपी-११ या जुन्या यंत्रात ३२ बिटी आकड्यांचा होत असे. तर मार्चमध्ये मी नाटकाच्या हँडबिलाचे चित्र उघडले. मारुतीचा शेंदूर निळाशार. आधी मॉनिटरची केबल हलवली, मग दुसरी लावली. मारुती निळाच. मग भाच्याने फोनवर विचारले, "मामा, बाकीचा पडदा बरोबर दिसतो ना?" दिसत होता. चूक चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामची होती. जगातली सगळी यंत्रे इंटेलसारखी असे गृहीत धरून त्याने लाल आणि निळा यांच्या जागा ठरवून टाकल्या होत्या. दुरुस्ती दोन ओळींची निघाली. भाच्याने ती मूळ लेखकाकडे पाठवली आहे, उत्तर यायचे आहे.

आठ महिन्यांत जे जे अडले ते बहुतेक असेच. ऑपरेटिंग सिस्टीम पायाखाली हलली नाही, वरचे प्रोग्राम घसरले. दुसरे उदाहरण लिबआरएसव्हीजी. एसव्हीजी चित्रे काढणारी ही छोटी लायब्ररी २०१७ च्या सुमारास रस्ट भाषेत लिहायला घेतली. रस्ट चांगली असेल, पण तिचा कंपायलर (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा) प्रत्येक जुन्या यंत्रावर हाताशी नसतो आणि स्वतः बांधायला घेतला तर माझ्या एक जीबीत श्वास कोंडतो. एका बटणावरच्या चित्रासाठी एवढा डोंगर. पीकेजीएसआरसी (नेटबीएसडीची पॅकेजव्यवस्था) चालवणाऱ्यांनी अशा यंत्रांसाठी जुनी, सी भाषेतली आवृत्ती जपून ठेवली आहे. अशा कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही.

मला हवी ती सगळी पॅकेजेस तयार मिळाली नाहीत. उरलेली मिनीवर कंपाईल केली. रात्री जेवून लावायचे आणि सकाळी अंगणात सडा पडेपर्यंत बघायचे नाही. एक पॅकेज दोन रात्री चालून तिसऱ्या पहाटे मेमरी संपली म्हणून बंद पडले, तेव्हा मी तोंडातून काय काढले ते इथे लिहीत नाही. मूळ सिस्टीमची गोष्ट वेगळी. बिल्ड.एसएच ही एकच स्क्रिप्ट भाच्याच्या लिनक्स लॅपटॉपवर चालवली की आधी क्रॉस-कंपायलर (दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी प्रोग्राम बांधणारा) तयार होतो, मग पॉवरपीसीची पूर्ण सिस्टीम. त्याने कर्नल (सिस्टीमचा गाभा) तिथे बांधून मला पाठवला, मी फाईल जागेवर ठेवून रीबूट केले. इतके सरळ असेल असे वाटले नव्हते.

आता देवनागरी, माझे मुख्य काम. इनस्क्रिप्ट कीबोर्ड एक्सच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेच्या) सेटिंगमध्येच आहे. लोहित आणि नोटो हे फॉन्ट टाकले, साध्या एडिटरमध्ये टाईप करतो आणि झीटेकने पाने लावतो. जोडाक्षरे, रफार, 'ऱ्या' सगळे जागच्या जागी. एक गंमत कळली : ट्रूटाईप आणि ओपनटाईप फॉन्टच्या फाईलींत आकडे मोठा बाइट आधी याच क्रमाने ठेवतात. म्हणजे फॉन्ट वाचताना तुमचा नवा लॅपटॉप बाइट उलटे करत बसतो आणि माझी मिनी सरळ वाचते. वेग वाढत नाही, पण म्हातारीची कॉलर तेवढीच ताठ.

जुन्या संहितांनी मात्र घाम काढला. २००० च्या आसपासची नाटके युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेली. तो फॉन्ट नसेल तर फाईल म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कोणत्या अक्षराला काय, याचा तक्ता मी वहीत केला, पण निव्वळ अदलाबदलीने भागत नाही. 'किती' लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये आधी वेलांटी, मग क, कारण डोळ्याला तसे दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे क आधी. रफार त्याच्या उलट. तिथे अक्षर लिहून झाल्यावर वर बसवलेला, युनिकोडमध्ये मात्र र आणि हलन्त आधी. 'मूर्तिकार'मध्ये रफार आणि वेलांटी एकाच त वर आल्यावर माझी स्क्रिप्ट आडवी झाली. ऑक या मजकूर हाताळणाऱ्या भाषेत नव्याने लिहिली. अकरा नाटके झाली, चार बाकी. यात मिनी कुठेच कमी पडली नाही, मजकूर दळणे तिला झेपते.

पावसाळा. गोव्यात जून लागला की लाईटचा भरवसा नाही, हे सांगायला नको. पहिल्यांदा लाईट गेली आणि आली तेव्हा मिनी फाईलसिस्टीम तपासत बसली आणि मी पंखा नसलेल्या खोलीत तिच्याकडे बघत बसलो. डिस्क जोडताना 'लॉग' हा (बदलांची नोंद ठेवण्याचा) पर्याय द्यायला विसरलो होतो. एफस्टॅब या डिस्कांच्या यादीत तो एक शब्द घातल्यापासून उठायला वेळ लागत नाही. दुसरी भानगड घड्याळाची. आतली बटणासारखी बॅटरी संपलेली, त्यामुळे वीज गेली की तारीख कुठल्या कुठे. या मॅक यंत्रांची कालगणना १ जानेवारी १९०४ पासून सुरू होते. सिस्टीम उठताना "तारीख तपासा आणि नीट लावा" असे बजावते, पण मी कुठे वाचतोय? मग सुरक्षित साईटची प्रमाणपत्रे खोटी ठरतात आणि माणूस नेटवर्कला शिव्या देतो. सीआर२०३२, घड्याळजीकडे मिळते. बदलताना पुन्हा ती पत्री, पुन्हा कट्. पुढची काळजी नाही. २०३८ मध्ये ३२ बिटी वेळ संपणार असे म्हणतात, पण नेटबीएसडीने २०१२ च्या ६.० आवृत्तीतच सगळ्या यंत्रांवर वेळ ६४ बिटी केली.

ब्राउझर : नेटसर्फ आणि डिलो. साधा मजकूर वाचायला छान, बाकी कोरी पाने. आवाजाची गरज पडली नाही, लावून पाहिला नाही. सोबतचा सीटीडब्ल्यूएम विंडो मॅनेजर जुनाट दिसतो, पण पडदा चालू असतानाही मेमरी शंभर एमबीच्या आसपासच खर्च होते. लेसर प्रिंटर कप्स या छपाईव्यवस्थेतून चालला. प्रॉम्प्टरची प्रत अठरा पॉइंटात काढली. विंगेत झिरोच्या बल्बखाली ती त्याला वाचता आली, चष्मा घरी विसरूनसुद्धा.

भाचा अजून म्हणतो, "मामा, जुना लॅपटॉप घेतला असता तर हे सगळे एका दुपारी झाले असते." खरे आहे. शेजारचे एकजण बघायला आले, बँकेचे पान उघडेना म्हणून हसून गेले. तेही खरे आहे. पण जानेवारीपासून या यंत्राने मला एकदाही मध्येच थांबवून काही विचारलेले नाही. जे बिघडले ते का बिघडले हे दर वेळी शोधता आले, आणि मॅन पानांत (सिस्टीमसोबतच्या माहितीपानांत) लिहिलेले प्रत्यक्ष यंत्राशी जुळले. घरातल्या दुसऱ्या, नव्या संगणकाबद्दल मला असे म्हणता येत नाही.

पीकेजीएसआरसीची शाखा दर तीन महिन्यांनी नवी येते. सप्टेंबरची आता येईल. पण यंदाच्या नाटकाचा दुसरा अंक अजून हातात यायचा आहे आणि दिग्दर्शक रोज दोन प्रवेश बदलतो. जत्रा होईपर्यंत मिनीला हात लावणार नाही.