आमच्या विभागातली मोठी लॉ फर्म: एका पक्षकाराचा अनुभव

आमचा पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. मशीन आणि माणसं भाऊ बघतो, कागद माझ्याकडे, त्यामुळे वकिलांशी गाठ माझीच पडते. पूर्वी दिवाणी कामाला एक वकील, कामगारांच्या प्रश्नांना दुसरे आणि कराला तिसरे होते. तिघेही आपापल्या कामात चोख, पण एकाचा कागद दुसऱ्याने कधी पाहिला नाही. निरोप्याचं काम माझ्याकडे. आता काही वर्षं सगळं एकाच फर्मकडे आहे. महानगरातली बडी नव्हे, आमच्याच विभागातली, पण कंपनी, जमीन, कामगार, कर, लवाद, कोर्टकचेरी असे सगळे विभाग असलेली. आमचं काम अजून त्यांच्याकडे चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

या फर्मची खरी ताकद कळली ती एक छोटं युनिट चालू स्थितीत विकत घेताना. आमचा समज असा, की किंमत ठरली म्हणजे करारनामा टाइप करून सह्या करायच्या. बैठकीत कंपनी विभागाच्या मॅडम मसुदा वाचून दाखवत होत्या आणि टेबलाच्या पलीकडे जमिनीची कामं बघणारे सर शेडचा जुना भाडेपट्टा चाळत होते. मॅडमना हातानेच थांबवत त्यांनी परिशिष्टातलं एक कलम वाचलं: जागामालकाच्या लेखी संमतीशिवाय धंदा दुसऱ्याच्या हाती गेला तर पट्टा रद्द. शेडच गेली तर मशीन घेऊन आम्ही करणार काय? त्यावर चर्चा चालू असतानाच कामगार विभागातल्या ज्युनियर मुलीने विचारलं, "कंत्राटदाराच्या हजेरीपटावरची माणसं कुठल्या मशीनवर असतात?" विक्रेत्याने बेफिकिरीने सांगून टाकलं, "नेहमीच्याच." मुलीने नुसतं मॅडमकडे पाहिलं. ती माणसं उद्या आपण कायम कामगारच होतो म्हणून मागची देणी मागू शकतात, आणि ती मागणी नव्या मालकाच्या, म्हणजे आमच्याच दारात येईल, हे आम्हाला नंतर सविस्तर समजावलं.

जागामालकाचं संमतीपत्र हातात आल्याशिवाय सह्या करायच्या नाहीत, असं ठरलं. किमतीतली काही रक्कम ठरावीक मुदतीपर्यंत तिऱ्हाईताकडे राखून ठेवली आणि जुन्या देण्यांची हमी विक्रेत्याकडून लिहून घेतली. आमच्या आधीच्या तीन वकिलांनीही हे मुद्दे काढले असते, त्यांची हुशारी मी कमी लेखत नाही. पण तो भाडेपट्टा आणि तो हजेरीपट एका टेबलावर आलेच नसते. विभाग किती आहेत हे पाटीवर कोणीही लिहील. इथे एका विभागाची फाइल दुसरा खरोखर वाचतो.

परदेशी गिऱ्हाइकाच्या करारातही हेच दिसलं. आमचा आग्रह होता की वाद झाला तर आपल्याच कोर्टात. लवाद बघणाऱ्या वकिलांनी विचारलं, "हुकूमनामा मिळेल, पण वसुली कुठे करणार? मालमत्ता तर तिकडे." एका देशातल्या कोर्टाचा निकाल दुसऱ्या देशात चालेलच असं नाही, तो त्या दोन देशांमधल्या व्यवस्थेवर अवलंबून असतो. लवादाच्या निवाड्याचं तसं नाही. १९५८च्या न्यूयॉर्क करारात आता १७० हून अधिक देश आहेत आणि त्यांची कोर्टं, ठरावीक अपवाद सोडले तर, तो निवाडा मानतात. एवढं ऐकल्यावर भावाने आग्रह सोडला. तो सहजासहजी काही सोडत नाही, हेही सांगून ठेवते.

आता नावलौकिक. रिसेप्शनवर मानांकनांच्या पाट्या आहेत. १९९० पासून वकील आणि फर्मच्या मानांकनांच्या याद्या काढणाऱ्या चेंबर्ससारख्या संस्था फर्मकडून कामांची माहिती मागवतात आणि तिच्या पक्षकारांशीही बोलतात. अशाच एका संस्थेची प्रश्नावली मलाही आली होती: उत्तर किती लवकर मिळतं, तुमचा धंदा त्यांना कळतो का, वगैरे. क्रमांक पैशाने विकत मिळत नाही, हे खरं. पण पक्षकारांची नावं फर्मच देते. नाराज माणसाचं नाव कोण देईल? म्हणून त्या पाट्यांना मी मर्यादित महत्त्व देते. समोरच्या पक्षाच्या वकिलाने आमच्या वकिलांचं नाव ऐकताच "मग मसुदा त्यांनाच करू द्या" म्हणावं, त्याला माझ्या लेखी जास्त किंमत आहे.

आणखी एक गोष्ट. पहिल्या भेटीत प्रकरण ऐकण्याआधीच त्यांनी समोरच्या पार्टीचं नाव, भागीदार, संलग्न कंपन्या असं सगळं लिहून घेतलं. पुढे एका प्रकरणात "हे काम आम्हाला घेता येणार नाही" एवढंच सांगून दुसरीकडची दोन नावं दिली. कारण विचारलं, सांगितलं नाही. तेव्हा राग आला होता. पण आमची नावंही ते बाहेर अशीच झाकून ठेवत असणार. विभागीय फर्मची ही अडचण मात्र धरून चाला: धंदेवाले मोजके, त्यातले बरेच त्यांचेच पक्षकार, त्यामुळे नेमक्या गरजेच्या वेळी दार बंद मिळू शकतं.

तक्रारी दोन. बिल तासावर, आणि तासाचे दहा भाग, म्हणजे सहा-सहा मिनिटांची मोजणी. दोन ओळींचा ईमेल वाचला तरी एक भाग लागतो. मी आता प्रश्न साठवून एकदम पाठवते. दुसरी तक्रार ज्युनियर बदलण्याची. भाडेपट्टा, हजेरीपट, सगळी कहाणी पाठ झालेली मुलगी दुसऱ्या विभागात गेली आणि नव्या मुलाला मलाच शिकवावं लागलं. त्या शिकवणीचं बिल आमच्यावर लागलं होतं. हरकत घेतल्यावर कमी केलं, पण ती घ्यावी लागली. पेटंटचं काम ते स्वतः करत नाहीत, बाहेर पाठवतात, आणि तसं आधीच सांगतात.

साधा भाडेकरार किंवा एखादी नोटीस एवढंच काम असेल तर इथे जाऊ नका, एकटा चांगला वकील पुरतो. व्यवहारात जमीन, माणसं आणि कर तिन्ही गुंतले असतील तर जरूर जा. कामाची व्याप्ती, कोणता वकील किती वेळ देणार आणि ज्युनियर बदलला तर त्याला तयार करायचा खर्च कोणाचा, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी लेखी मागून घ्या. मागितलं तर ते देतात.