एम्बू की फहाका? आधी पाणी मोजा, मग मासा निवडा

गोड्या पाण्यातला मोठा पफर, म्हणजे घाबरला की अंग फुगवणारा मासा, पाळायचा म्हटलं की निवड बहुधा दोघांत येऊन अडते. एक एम्बू, काँगो नदीच्या खोऱ्यातला आणि टांगानिका सरोवरातला. दुसरा फहाका, नाईलपासून सेनेगलपर्यंतच्या नद्यांतला. विकायला येतात तेव्हा दोघेही बोटाएवढे, डोळे फिरवत काचेपाशी येणारे. पूर्ण वाढलेला एम्बू मात्र ६७ सेंटिमीटरपर्यंत जातो, फहाका ४३ पर्यंत.

लांबीतला हा दीडपट फरक टाकीत चौपट होतो. एका फहाकाला १५० × ६० × ६० सेंटिमीटरची टाकी, म्हणजे ५४० लिटर, पुरते. एम्बूला नुसतं वळायलाच १२० सेंटिमीटर रुंदी हवी. २४० × १२० × ७५ ची टाकी धरली तर २,१६० लिटर झाले, आणि ही चैन नव्हे, सुरुवात आहे. पाण्याचंच वजन २.१६ टन, म्हणजे दर चौरस मीटरला ७५० किलो. घराचा स्लॅब साधारण २०० किलोच्या आसपासचा भार धरून बांधतात. त्यामुळे तळमजल्याच्या वर ठेवायची असेल, तर टाकीवाल्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. ‘आत्ता छोटी टाकी, पुढे मोठी’ हा बेत बहुतेकदा फसतो. मोठी टाकी लांबणीवर पडते, माशाची वाढ थांबत नाही.

पण एम्बूवाले थकतात ते टाकीपायी नव्हे, पाणी बदलण्यापायी. पफर शिंपला फोडतो, अर्धा गिळतो, उरलेला चुरा तळाशी कुजतो आणि अमोनिया चढतो. आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं तर फहाकासाठी २७० लिटर लागतं, एम्बूसाठी १,०८०. तेही क्लोरीन काढलेलं आणि टाकीच्या तापमानाला, २४ ते २८ अंशांच्या दरम्यान, आणलेलं. पाइप थेट टाकीपर्यंत आणि निचरा थेट गटारापर्यंत नसेल, तर एम्बूचा विषय इथेच मिटवावा. बादल्यांनी हे काम वर्षभर कुणी करत नाही.

स्वभावात पारडं उलटं फिरतं. एम्बू त्यामानाने शांत असतो. पुरेशा मोठ्या टाकीत इतर मोठ्या माशांबरोबर राहिल्याची उदाहरणं आहेत, खात्री मात्र नाही. फहाका एकटाच ठेवायचा. सोबतीला सोडलेल्या माशांचे आधी पंख जातात, मग मासे. तो वाळूत अंग पुरून बसतो, म्हणून तळाला टोकदार खडी नको, बारीक वाळू हवी. हे दोन्ही मासे हीटर आणि वायरही चावतात. हीटर सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या वेगळ्या टाकीत, ठेवणं उत्तम. ॲक्रिलिकवर चोचीचे ओरखडे उठतात, काच बरी.

दातांची गोष्ट नीट समजून घ्या. दातांच्या चार पट्ट्या जुळून चोच झालेली असते आणि ती आयुष्यभर वाढते. कवचासह गोगलगाय, शिंपले, खेकड्याचे पाय दिले तर झिजते. सोललेली कोळंबी सोपी म्हणून रोज दिली की चोच वाढून तोंड मिटतं आणि मासा अन्नासमोर उपाशी राहतो. कोळंबी-शिंपल्यांत थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं; म्हणून खाणं आलटून-पालटून द्यावं. वाढलेली चोच लवंग तेलाने गुंगी देऊन कापावी लागते. फहाकाला ते एका माणसाला जमू शकतं. दोन फुटी एम्बूला दोघं आणि शक्यतो माशांची माहिती असलेला पशुवैद्य हवा.

पफरला नेहमीसारखे खवले नसतात, त्यामुळे तांबेयुक्त औषधं त्याला सोसत नाहीत. फुगलेला बघायचा म्हणून त्याला कधी डिवचू नका. जाळीने पाण्याबाहेर काढला तर तो हवा गिळतो आणि ती बाहेर टाकणं त्याला सहज जमत नाही. हलवताना डबा पाण्यात बुडवून त्यात घ्यावा.

दोन्ही झेपत नसतील, तर केरळच्या पंपा नदीतून १९४१ साली नोंदवलेला, जेमतेम तीन सेंटिमीटरचा पी पफर आहे. झाडांनी भरलेल्या ८० लिटरमध्ये सहा राहतात. पाण्याचा त्रास नाही, पण कोरडं खाणं तो सहसा नाकारतो; छोट्या गोगलगायींची वेगळी बरणी कायम चालू ठेवावी लागते.

आमचं मत विचाराल तर बहुतेकांनी फहाका घ्यावा. एम्बू त्यानेच घ्यावा, ज्याची टाकी, सम्प आणि निचऱ्याची वाट मासा आणण्याआधी महिनाभर चालू आहे.