मारुती ८००चा गिअरबॉक्स: दुसऱ्या गाडीचा आणायचा की आपलाच उघडायचा?

आमच्या जुन्या मारुती ८००चा दुसरा गिअर टाकला की खर्रकन आवाज यायचा. घरच्या शेडमध्येच गिअरबॉक्स उतरवला. पुढे दोन वाटा होत्या.

दुसऱ्या गाडीचा आणला तर काम लवकर उरकतं, पण आत काय दडलंय ते कळत नाही. घेताना इनपुट शाफ्ट (इंजिनकडून फिरणारा दांडा) हातानं फिरवा, सगळे गिअर टाकून बघा. ड्रेन बोल्ट काढून तेल बोटावर घ्या. पितळेची बारीक चमक थोडी चालते. लोखंडाची कपची दिसली तर तो तिथंच ठेवून या.

आपलाच उघडला तर वेळ जातो, पण नेमकं झिजलंय काय ते डोळ्यांना दिसतं. माझ्या बॉक्समध्ये सिंक्रो रिंगचे, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून घेणाऱ्या कडीचे, दात बोथट झालेले, गिअर मात्र शाबूत. म्हणून मी हाच मार्ग धरला. बेअरिंग घरी हातोड्यानं ठोकू नका. आपल्याकडं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर ही वर्कशॉपची वसाहत आहे, तिथं प्रेसवर बसवून घ्या. गिअरबॉक्सचं केसिंगच (बाहेरचं कवच) तडकलं असेल तर दुसरा आणणंच बरं.

आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावाच. क्लच प्लेट, ऑइल सीलही त्याच वेळी बघून घ्या.