टोमॅटोच्या आधाराचा संच: पाइप दमदार, क्लिपा टाकाऊ

गच्चीवरच्या टोमॅटोसाठी दिवाळीत मागवलेला हा संच आता गुढीपाडव्यापर्यंत वापरून झालाय. सगळीकडे दिसतो तोच: हिरवं प्लास्टिक चढवलेले पोकळ लोखंडी पाइप, एकात एक बसवून चार फूट उंची, आणि आडव्या काड्या पकडायला प्लास्टिकच्या क्लिपा. चार कुंड्यांचे साडेआठशे रुपये. सुरुवातीला मी पाच तारे दिले होते, जानेवारीत एकावर आणले. आज तीन देतेय.

सगळं घोडं अडतं ते क्लिपेवर. मी लावली होती अर्का रक्षक, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची संकरित जात. फळ ९० ते १०० ग्रॅमचं. एका घोसात सहा फळं धरली की अर्ध्या किलोच्या वर वजन फांदीला लोंबतं, तेही खोडापासून लांब. ते सगळं ओझं येतं बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकवर. क्लिप एकदम तुटत नाही. आधी वळणाच्या आतल्या अंगाला केसासारखी पांढरी रेघ उमटते. नखाने खरवडलं तर चुन्यासारखी भुकटी हाताला लागते. उन्हाने प्लास्टिक मेलेलं असतं, मग वाऱ्याचा एक झोत पुरतो. क्लिप सुटली की आडवी काडी सटकते आणि फांदी खोडापासून सालीसकट फाटते. हिरवी फळं लगडलेली फांदी अशी जमिनीला टेकलेली पाहिली की जीव तुटतो.

फोटोंसकट तक्रार केली. विक्रेत्याचं उत्तर: "मॅडम, हा संच शोभेच्या वेलींसाठी आहे." खोक्यावर मात्र लालबुंद टोमॅटोंनी वाकलेलं झाड छापलंय! बरं, नुसत्या क्लिपा विकत द्या म्हटलं, तर तीही सोय नाही, नवा संच घ्या म्हणे. चिमूटभर प्लास्टिकसाठी धडधाकट पाइप फेकून पुन्हा साडेआठशे मोजायचे? मला हे पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

क्लिपांचं हे रडगाणं जानेवारीतच लिहून ठेवलं होतं. पुढे मत बदललं ते जुन्नरहून दीर आले तेव्हा. त्यांचा टोमॅटो असतो, माल नारायणगावच्या बाजारात जातो. कुंड्यांकडे एक नजर टाकून म्हणाले, "वहिनी, झाड काठीच्या जिवावर नसतं ठेवायचं. वर तार ओढा आणि झाड तारेला टांगा." शेतात बांबू रोवून, तार ताणून, सुतळीने झाडं उचलून धरतात, तेच त्यांनी गच्चीवर केलं. टाकीच्या अँगलपासून कपडे वाळत घालायच्या खांबापर्यंत जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार) ओढली. मधे झोळ पडू नये म्हणून याच संचातले पाइप एकात एक घालून सहा-सहा फुटांचे टेकू केले आणि कठड्याला बांधून टाकले. क्लिप एकही नाही. तार आणि सुतळी मिळून दोनशेच्या आत काम झालं.

आणि इथे पाइपांनी खरोखर खूश केलं. वरून सरळ भार आला तर ते जराही वाकत नाहीत, गंजाचा ठिपका नाही. एकेकटे कुंडीत रोवले की मात्र कलतात, कारण आपल्या कुंडीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त, पकड कसली मिळणार? वरचं टोक कशाला तरी बांधलेलंच हवं.

सुतळी बांधताना मातीपासून वीतभर वर, पानाच्या खाली सैल फास घ्यायचा. मातीला टेकलेली सुतळी पाण्याने कुजते, आणि घट्ट गाठ खोड जाड झालं की त्यात रुतते. तिथून खोडाला पीळ देत सुतळी वर तारेपर्यंत न्यायची. बगलेतले फुटवे आठवड्याला खुडायचे, सुरुवातीला तरी. जड घोसाला वेगळी झोळी लागते. मी जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या वापरते. पट्टी घोसाच्या देठाला बांधायची नाही, तो लगेच मुरगळतो. घोस जिथून फुटलाय त्याच्या खालून फांदीला आधार द्यायचा. मार्चमधल्या अवकाळीत शेजारच्या गच्चीवरच्या कुंड्या आडव्या झाल्या, माझी एक फांदी मोडली नाही.

चेरी टोमॅटो किंवा मिरचीसाठी संच जसाच्या तसा चालेल, फक्त क्लिपा सावलीत राहतील असं बघा. मोठ्या फळाचा टोमॅटो असेल तर पाइपांसाठी घ्या आणि तारेचा खर्च आधीच धरा. बनवणाऱ्यांनी क्लिपा लोखंडी केल्या, किंवा निदान सुट्या विकायला ठेवल्या, तर चौथा तारा द्यायला मी तयार आहे.