कमोडची घडीची खुर्ची: दोन वर्षं वापरून सांगते

सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली नाल्याच्या उतारावर पलटली. मी पोत्यांवर बसली होती. कमरेखालचं हाड मोडलं, ज्याला डॉक्टर पेल्व्हिस म्हणतात. नागपूरला ऑपरेशन झालं, पुढून प्लेट, मागून स्क्रू. डॉक्टर म्हणाले, "हे हाड बांगडीसारखं गोल असते ताई, एका जागी फुटलं की बहुतेक दुसरीकडेही फुटते." डाव्या पायावर १२ आठवडे भार द्यायचा नाही, उकिडवं बसायचं नाही, असं सांगून घरी पाठवलं.

आमचा संडास अंगणाच्या टोकाला, साध्या भांड्याचा. पहिले आठ दिवस अंथरुणावरच सगळं. सासूबाईंना भांडं उचलायला लागू नये म्हणून मी पाणीच कमी प्यायची, तर लघवीची आग सुरू झाली. मग यांनी वर्ध्याच्या दुकानातून ही खुर्ची आणली, २,४०० रुपयांत. त्या दिवशी मी दोन तांबे पाणी प्यायली.

खुर्ची लोखंडी पाइपाची, घडी होते, खाली प्लास्टिकचं भांडं. पायांना भोकं आणि बटण आहे. बटण दाबून पाय सरकवला की 'टक्' आवाज येतो आणि उंची बसते. गुडघ्यापेक्षा बैठक थोडी वर ठेवा, उठताना कमरेवर कमी ताण येतो. भार द्यायची परवानगी मिळाल्यावर भांडं काढून हीच खुर्ची संडासातल्या भांड्यावर ठेवली. पण एक पाय पायठ्यावर चढला आणि खुर्ची डुगडुगायला लागली. मोडलेल्या हाडाच्या माणसाला ते डुगडुगणं काय वाटते, ते मीच जाणते. यांनी तो एक पाय दोन भोकं वर घेतला, तेव्हा खुर्ची पक्की बसली. दुकानदारानं "कुठंही बसते" म्हणून दिली होती. तुम्ही मात्र संडासाचं दार आणि पायठे मोजूनच जा.

दुसरी खोट बैठकीची. प्लास्टिकच्या जोडाची कड मांडीला काचते. मी जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली, दर दोन दिवसांनी धुते. आमचं पाणी खारं, वर्षभरात स्क्रू गंजले. पायांची रबरी बुचं एका पावसाळ्यात झिजली. वॉकरच्या बुचांचंही तेच. काळ्या मातीत दोन पावलं टाकली की चिखलाचा गोळा चिकटते आणि पाय घसरते. अंगणात फरशीचे चार तुकडे टाकून घेतले, तेव्हा कुठं संडासापर्यंत एकटी जायला लागली.

हाड जुळलं म्हणजे झालं, असं सगळ्यांना वाटते. मलाही तसंच वाटलं होतं. खोकला आला की लघवी सुटायची, आणि हे कोणाला सांगावं? फिजिओथेरपीच्या ताईंनी आपणहून विचारलं, तेव्हा रडूच आलं. लघवी रोखतो तसं आतून आवळून धरायचा व्यायाम त्यांनी शिकवला. चार महिन्यांत पुष्कळ फरक पडला. नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, दुखते, हेही त्यांनाच सांगितलं. कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन, घाई न करता, असं त्यांनी दोघांनाही समोर बसवून समजावलं. बायांनो, हे विचारा. लाजू नका.

आज मी वावरात जाते. उभ्यानं कापूस वेचते, तासाभरानं धुऱ्यावर टेकते. निंदण जमत नाही, पंगतीत मांडी घालून अर्धा तासही बसवत नाही. थंडीत मागच्या स्क्रूच्या जागी ठणकते. खुर्ची अजून रोज लागते, आता आंघोळीलाही.

घ्यायची असेल तर घ्या, पैसे वाया जात नाहीत. भांड्याचं झाकण घट्ट बसते का ते दुकानातच पाहा, आणि बुचांचा जास्तीचा एक जोड तिथंच मागून घ्या. गावात ती मिळत नाहीत.